राणी झाली, पण बाकीच्यांचे काय?



आजचा विषय पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परीलोकातल्या प्रेमाची इंग्रजी कादंबरी आणि आपले साप्ताहिक यांचा संबंध काय, असे ते विचारतील. संबंध एवढाच की आपल्या घरातल्या मुली या कादंबऱ्या वाचत आहेत. कोणी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणते, कोणी मैत्रिणीकडून, कोणी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, तर कोणी मोबाईलवरच वाचते. ज्या घरात आजीने आयुष्यभर सहीच्या जागी अंगठा उठवला, त्या घरातली नात तीनशे पानांचे इंग्रजी पुस्तक चार दिवसांत संपवते. आम्हाला याचा आधी आनंद होतो. मग ती काय वाचते, त्यातून काय घेते, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते. त्यासाठी पहारा ठेवायची गरज नाही, तिच्याबरोबर बसून तेच पुस्तक वाचले तरी पुरे.

आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलींच्या तोंडी गेले काही महिने एकाच लेखिकेचे नाव होते, म्हणून आम्हीही तिची तीन पुस्तके क्रमाने वाचली. लेखिका होली ब्लॅक, अमेरिकेची. पहिला भाग 'द क्रूएल प्रिन्स' २०१८ साली आला, दुसरा 'द विकेड किंग' २०१९ च्या जानेवारीत आणि तिसरा, शेवटचा, 'द क्वीन ऑफ नथिंग' त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. पहिल्या दोन भागांनी आम्हाला रात्री जागवले, तिसऱ्याने मात्र निराशा केली. ती का केली, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. शेवट सांगितल्याशिवाय हे बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना स्वतः वाचायचे आहे त्यांनी आधी वाचून मग इकडे यावे.

प्रथम या परीलोकाविषयी. आपल्याकडे परी म्हटली की पांढऱ्या पंखांची, हातात चांदणीची काठी घेतलेली, मुलांना खाऊ देणारी, असे चित्र डोळ्यापुढे येते. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या लोककथांतले परीजन तसे नव्हेत. देखणे, दीर्घायुषी आणि निर्दय. तिथले खेडूत त्यांचे नाव घ्यायलाही भीत आणि 'भली माणसे' असे गोड नाव देऊन वेळ मारून नेत. हे लोक पाळण्यातले मूल पळवतात आणि त्या जागी आपले ठेवतात, त्यांना लोखंड सोसत नाही, मीठ आणि रोवन झाडाची लाल फळे जवळ असली की त्यांची जादू चालत नाही, अशा समजुती होत्या. होली ब्लॅक यांनी त्या उचलल्या आणि लोककथेतलाच आणखी एक नियम पक्का केला, तो असा की परीजनांना खोटे बोलता येत नाही. शब्द फिरवून फसवता येते, पण धडधडीत खोटे मात्र जिभेवर येत नाही. ते फक्त माणसाला येते.

आता कोणी म्हणेल, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आपल्या मुलांनी जादूटोण्याच्या गोष्टी वाचाव्यात का? आमचे उत्तर असे की जातककथांत हरीण बोलते, वानर बोलतो, म्हणून कोणी बौद्ध मूल जनावरांना नमस्कार करीत नाही. गोष्ट ही गोष्ट आहे हे मुलांना कळते. घात होतो तो गोष्ट खरी मानून गंडा-दोरा बांधणाऱ्या मोठ्या माणसांकडून. तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू.

कथा थोडक्यात अशी. ज्यूड आणि टॅरिन या जुळ्या बहिणी माणसाच्या पोटच्या. त्या सात वर्षांच्या असताना मॅडॉक नावाचा परीलोकाचा सेनापती घरात शिरतो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आई-वडिलांना ठार करतो. त्यांची आई पूर्वी याच मॅडॉकची बायको होती आणि त्याला सोडून पळाली होती. थोरली विव्ही ही त्याची स्वतःची मुलगी. तिघींना तो एल्फहेम नावाच्या राज्यात नेतो आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलींसारखे वाढवतो. ज्या हाताने आई मारली त्याच हाताने घास भरवला जातो. या घरातला हा पेच लेखिकेने फार ताकदीने उभा केला आहे.

एल्फहेममध्ये माणसाची किंमत काय? जन्माने तो हलका. मरणाधीन म्हणून हलका. दरबारी मुलांच्या शाळेत ज्यूड आणि टॅरिन बसतात, पण बसणे आणि बरोबरीने बसणे यात अंतर आहे. राजाचा धाकटा मुलगा कार्डन आणि त्याचे सोबती त्यांच्या जेवणात माती उडवतात, त्यांना नदीत लोटतात. एक जण ज्यूडला बळेच असे फळ चारतो की माणसाचे भान सुटून तो हसण्याचा विषय व्हावा. हे वाचताना आपल्या वाचकांना काय आठवेल ते आम्ही लिहायला नको. एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. ही कादंबरी जातीवर लिहिलेली नाही आणि लेखिकेने तसा दावा केलेला नाही. तरीही जन्मावरून माणूस हलका ठरवणारी व्यवस्था पुस्तकात आली की आपला वाचक ती आपल्या डोळ्यांनीच वाचणार. तो त्याचा हक्क आहे.

ज्यूड रडत बसत नाही, हे पहिल्या दोन भागांचे बळ. ती तलवार शिकते, हेरगिरी शिकते. विषप्रयोग होईल म्हणून रोज थोडे थोडे विष घेऊन अंगाला सवय करते. परीजनांना खोटे बोलता येत नाही आणि आपल्याला येते, हेच हत्यार करते. राज्यारोहणाच्या दिवशी राजघराण्याची कत्तल होते, तेव्हा ही सतरा वर्षांची मुलगी असा डाव टाकते की जो कार्डन तिचा छळ करायचा तोच गादीवर बसतो आणि एक वर्ष एक दिवस तिची आज्ञा पाळायला बांधला जातो. दुसऱ्या भागात ती पडद्याआडून राज्य चालवते. शेवटी तो तिच्याशी लग्न करतो, ती राणी होते आणि लगेच पुढे तो तिला हद्दपार करतो. तिथे दुसरा भाग संपतो. पुढे काय, म्हणून मुली महिनोन्महिने तळमळल्या, त्यात नवल नाही.

आणि मग तिसरा भाग. तिन्हींत हाच सर्वांत लहान, आणि सर्वांत जास्त हिशोब यातच चुकता व्हायचा होता. आमच्या तक्रारी तीन आहेत.

पहिली तक्रार. जी मुलगी डोक्याने जिंकत आली ती शेवटी दैवी सामर्थ्याने जिंकते. मॅडॉक तिच्या पोटात तलवार खुपसतो, आणि ती राणी असल्याने त्या राज्याची भूमीच तिची जखम भरून काढते. कार्डन राजमुकुट मोडतो, त्यावरच्या शापाने त्याचा भला मोठा सर्प होतो. त्याला काबूत ठेवणारा जादूचा लगाम तयार असतो. तो न वापरता ज्यूड सर्पाला मारते, आणि त्यातून कार्डन जिवंत बाहेर येतो. त्याच्या जन्मवेळचे भाकीतही असे खरे ठरते. लगाम नाकारण्यात तिचा मोठेपणा आहे, हे आम्ही मान्य करतो. प्रेमाच्या माणसाला दावणीला बांधून राज्य करणे तिने नाकारले. पण पुढचे सारे भाकिताने आणि जादूने पार पडते. हाडामासाच्या मुलीचे कष्ट, सराव आणि अक्कल हीच जिची पुंजी होती, तिला शेवटच्या परीक्षेत अंगभूत राजतेज कामी यावे, हे आम्हाला रुचले नाही. आपली लढाई नेमकी याच कल्पनेशी होती. सामर्थ्य जन्मातून किंवा अभिषेकातून येत नाही, ते प्रयत्नातून येते, असे आपण मुलांना सांगतो.

दुसरी तक्रार प्रेमाविषयी आहे, आणि कुटुंबाच्या पानावर ती महत्त्वाची. ज्याने छळ केला त्याच्यावरच नायिकेचे प्रेम बसते. असे कथेत घडू नये असे आम्ही म्हणत नाही. माणूस बदलतो यावर बौद्धांचा विश्वास नसेल तर कोणाचा असेल? पण बदल दिसला पाहिजे, आणि त्याची किंमत मोजलेली दिसली पाहिजे. तिसऱ्या भागात काय होते? कार्डनने ज्यूडला पत्रे लिहिली होती, ती त्याच्या आईने मधेच दाबली. हद्दपारीच्या हुकमातही पळवाट होती. मुकुट माफ करेपर्यंत, असे ते शब्द होते, आणि राणी म्हणजे मुकुटच, तेव्हा ज्यूड स्वतःलाच माफ करू शकत होती. तिच्या ते ध्यानात आले नाही, एवढेच. म्हणजे अर्ध्या पुस्तकाचे दुःख न पोचलेल्या पत्रांवर आणि न सुटलेल्या कोड्यावर उभे. गैरसमज दूर झाला की सगळे गोड. नंतर कार्डन सर्प होऊन बसतो, आणि ज्या दोघांनी समोरासमोर बसून मागचा हिशोब करायचा त्यातला एक बोलूच शकत नाही. शाळेतला तो छळ, ती माती, ती नदी, याचा जाब पुरता विचारलाच जात नाही.

इथे आम्हाला अंगुलिमालाची आठवण होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेत त्याची कथा घेतली आहे. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर तथागतांना शरण आला, भिक्खू झाला. त्याला पकडायला घोडेस्वार घेऊन निघालेला राजा प्रसेनजित त्याला चीवरात पाहून थक्क झाला. पण पाली सुत्तातली कथा तिथे थांबत नाही. हाच अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या, खडे येऊन पडतात. डोके फुटलेले, पात्र मोडलेले, चीवर फाटलेले, अशा अवस्थेत तो परत येतो, आणि तथागत त्याला सांगतात की हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. बदललेल्या माणसालाही त्याच गावात, त्याच लोकांसमोर जावे लागते. पश्चात्ताप खरा की खोटा, हे तिथे ठरते. आपल्या मुलींनी प्रेमकथा जरूर वाचाव्यात, पण छळणारा मनातून चांगलाच असतो, फक्त गैरसमज दूर व्हायचा असतो, हा धडा घेऊन उठू नये. कितीतरी बहिणी असाच धडा उराशी धरून वर्षानुवर्षे मार खात बसल्या आहेत.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी, आणि लेखाचे शीर्षक तिच्यावरूनच दिले आहे. पहिल्या भागात सोफी नावाची एक मुलगी येते. एल्फहेमच्या वाड्यांतून माणसे राबतात. त्यांच्यावर अशी भुरळ घातलेली असते की आपण गुलाम आहोत हेच त्यांना कळत नाही. हात सोलवटले, पोट खपाटीला गेले तरी ती स्वप्नातल्यासारखी काम करीत राहतात. राजपुत्र बालेकिनच्या वाड्यात ज्यूडला सोफी दिसते आणि ती तिला सोडवून घरी पोचवायला निघते. पण भान आल्यावर सोफीला जे समजते ते तिला सहन होत नाही. ती खिशात दगड भरते आणि वाटेत समुद्रात उडी घेते. तो प्रसंग वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. वाटले, ही लेखिका मोठा प्रश्न हाती घेते आहे. ज्यूड सत्तेवर येईल तेव्हा या राबणाऱ्या माणसांची भुरळ उतरेल, त्यांना घरी जाता येईल, कोणी राहिलाच तर मजुरी घेऊन राहील.

ज्यूड राणी झाली. तिसऱ्या भागाचा कळस मात्र सोफीसारख्यांच्या सुटकेवर उभा नाही. तो उभा आहे राजाच्या सर्पावर, मोडलेल्या मुकुटावर, राणीच्या सिंहासनावर. एका माणसाच्या लेकीला परीजनांच्या गादीवर बसवून कथा समाधानाने संपते.

यावरून आमच्या अभ्यासवर्गात चांगलीच वादावादी झाली. एक मुलगी म्हणाली, "सर, जिला शाळेत माती खायला लावली ती राणी झाली, सगळे तिच्यापुढे वाकतात, आणखी काय पाहिजे?" दुसरी म्हणाली, "मग सोफीचे काय?" पहिली म्हणाली, "सगळ्यांचे ओझे तिनेच का घ्यायचे? परीजनांतल्या राजांना कोणी असे विचारते का?" हा प्रश्न साधा नाही. आपल्यातला कोणी साहेब झाला, कोणी डॉक्टर झाली, की समाजासाठी काय केले हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो, इतरांना नाही. त्या मुलीच्या बोलण्यात दम होता, आणि आम्ही तिला गप्प केले नाही.

पण उत्तर दिले ते असे. बाबासाहेबांची तुलना आम्ही कादंबरीतल्या पात्राशी करीत नाही, फक्त मोजपट्टी कोणती ते सांगतो. १९१७ साली ते परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पदवी होती, हुद्दा होता. तरी शिपाई कागद लांबून टाकत, आणि शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. एकट्याच्या हुद्द्याने अस्पृश्यता हलत नाही, हे त्या अनुभवातून उघड झाले. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर ते एकटे पाणी प्यायला गेले नाहीत, हजारोंना बरोबर घेऊन गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातही त्यांनी एकट्याने धम्म स्वीकारून गाडी धरली नाही, लाखोंना दीक्षा दिली. एकाला गादी मिळते तेव्हा गादीला फारसा धक्का बसत नाही. व्यवस्थेला अशी एखादी ज्यूड पचते, उलट तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना म्हणता येते, बघा, लायकी असेल तर कोणीही वर येतो!

तेव्हा ओझे घ्यायचे की नाही, हे त्या मुलीने स्वतः ठरवावे. ज्यूडने ते आपण होऊन उचलले होते, सोफीला हाताला धरून बाहेर काढले तेव्हाच. आमचे भांडण ज्यूडशी नाही, लेखिकेशी आहे. तिने प्रश्न मांडला, आणि उत्तराची वेळ आली तेव्हा विषय बदलला.

न्यायाच्या दृष्टीने चांगले तेही सांगितले पाहिजे. मॅडॉकचा शेवट आम्हाला पटला. तो बंड करतो, हरतो. ज्यूड त्याला मारू शकते. आई-वडिलांच्या रक्ताचा सूड सात वर्षांची असल्यापासून तिच्या मनात असणार. ती त्याला मारत नाही. शस्त्राला हात लावायचा नाही या अटीवर ती त्याला माणसांच्या जगात हद्दपार करते. ज्याची टोपी रक्तात बुडवलेली असे त्या सेनापतीने साध्या माणसासारखे जगावे, ही शिक्षाही आहे आणि संधीही. वैराने वैर शमत नाही, हे धम्माला धरून झाले. हाच विचार लेखिकेने कार्डनच्या बाबतीत आणि सोफीच्या बाबतीत केला असता तर पुस्तक फार मोठे झाले असते.

आता पालकांसाठी दोन शब्द. परीलोकातल्या प्रेमकथा म्हणून दुकानात एकाच फळीवर ठेवलेली सगळी पुस्तके एका वयासाठी नसतात. होली ब्लॅक यांची ही तीन पुस्तके किशोरवयीन वाचकांसाठी आहेत. त्यांत खूनखराबा आहे, पण शृंगार मर्यादेत आहे. सारा जे. मास या दुसऱ्या अमेरिकन लेखिकेची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका तशीच दिसते, पण त्यातले शृंगाराचे प्रसंग उघड आहेत आणि ती प्रौढांनी वाचायची आहे. मुलगी आठवी-नववीत असेल तर हे लक्षात घ्यावे. पुस्तक हिसकावून घेऊ नये, कारण हिसकावलेले पुस्तक मुले उशीखाली ठेवून वाचतात. त्यापेक्षा गोष्ट काय आहे, असे जेवताना विचारावे. इंग्रजी येत नसलेल्या आईलाही हे विचारता येते. मुलगी मराठीतून गोष्ट सांगू लागली की तिचे वाचन पक्के होते आणि आईला तिचे मन कळते.

मुलींनाही एक विनंती. ही मालिका किंवा दुसरी कोणतीही वाचून झाली की वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. नायिका कशाच्या बळावर जिंकली? ज्याने तिला दुखावले त्याने चूक कबूल केली का, आणि भरपाई काय केली? ती वर गेली तेव्हा तिच्यासारखे बाकीचे कुठे होते? शेवट तुम्ही लिहिला असता तर काय लिहिले असते? चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोठे लिहावे. आमच्या वर्गातल्या, सोफीची बाजू घेणाऱ्या त्या मुलीने शेवटचा भाग आपल्या मनाने लिहायला घेतला आहे. तिच्या कथेत राणीचा पहिला हुकूम राबणाऱ्या माणसांवरची भुरळ उतरवण्याचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात चूल पेटत नाही. दरबार उपाशी बसतो. पुढे काय होते, ते तिला अजून सुचायचे आहे. तिला सुचेल.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते राहण्याइतकेच ग्रंथ ठेवण्यासाठी. वाचणारा समाज म्हणून आपण उभे राहिलो ते त्या वारशामुळे. आता वाचलेले तपासणारा समाज, आणि शेवट पटला नाही तर स्वतः लेखणी उचलणारा समाज व्हायचे आहे. ज्यांच्या घरातल्या मुला-मुलींनी अशी कथा आपल्या शेवटासह लिहिली असेल, त्यांनी ती साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावी. अक्षर सुवाच्य असावे, कागदाच्या एकाच बाजूला लिहावे. निवडक कथा याच पानावर छापू.

जय भीम! जय बुद्ध!